फाशीच्या आड राहून गेलेलं काम

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा माणसांना निर्दोष सोडलं. या सहाही जणांना फाशीच द्यावी, असा निकाल याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. गुन्हा २००३ च्या जूनमधला. नाशिक भागातल्या एका वस्तीवर रात्री दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली, बायकांवर बलात्कार झाले. त्यातून वाचलेल्या बाईला पोलिसांनी नोंदीतल्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले, तेव्हा तिने चार जणांकडे बोट दाखवलं. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र उभे राहिले ते वेगळेच सहा जण, भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले. त्या चौघांना ओळखल्याची नोंद खटल्यात पुढे आलीच नाही. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, आणि ते कळायलाही अनेक वर्षं गेली.

सोळा वर्षांनी न्यायालयाने त्यांना सोडलं, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरवायचा आदेश दिला. या निकालावर जी काही चर्चा झाली ती 'निरपराध फासावर गेले असते' एवढ्यावरच थांबली. ते भयंकर आहेच. पण मला त्याहून जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. हे सहा जण नव्हते, तर ती पाच माणसं मारली कुणी? ज्या चौघांकडे बोट दाखवलं गेलं होतं त्यांचा पुढचा तपास करा, असं न्यायालयाने सांगितलं, तेव्हा घटनेला दीड दशक उलटून गेलं होतं. वाचलेल्या बाईने सांगितलेली गोष्ट पहिल्याच आठवड्यात पोलिसांच्या हाताशी होती. ती बाजूला ठेवून तीन-तीन न्यायालयांनी फाशीची भाषा केली, आणि तिला न्याय मिळाला असं आपण सगळ्यांनी धरून चाललो.

फाशीबद्दलचं माझं म्हणणं इथून सुरू होतं. गुन्हेगाराची दया येते म्हणून मी फाशीला विरोध करत नाही. फाशीमुळे राज्यसंस्था फार स्वस्तात सुटते आणि ज्याचं नुकसान झालं तोच उघड्यावर पडतो, म्हणून माझा विरोध आहे.

दर मोठ्या गुन्ह्यानंतर काय होतं ते आठवून पाहा. मोर्चे निघतात, मेणबत्त्या लागतात, 'फास्ट ट्रॅकवर खटला चालवा, भरचौकात लटकवा' अशा घोषणा होतात. लोकांचा संताप खरा असतो आणि तो असायलाच हवा. असल्या बातमीने ज्याचं रक्त उसळत नाही त्याच्याशी न्यायाबद्दल काय बोलायचं? पण त्या संतापाच्या बदल्यात सरकार काय देतं? कायद्यातलं एक कलम. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभराच्या आत अहवाल दिला. त्यात पोलीस तपास, वैद्यकीय तपासणी, तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई असं पानंच्या पानं काम सुचवलं होतं, आणि बलात्कारासाठी फाशी नको असंही स्पष्ट म्हटलं होतं. सरकारने २०१३ च्या दुरुस्तीत फाशी घातली. कठुआच्या घटनेनंतर २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्कारासाठीही ती आली. महाराष्ट्राने शक्ती विधेयक आणलं, पश्चिम बंगालने २०२४ मध्ये अपराजिता. कलम वाढवायला पैसा लागत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतला तुंबलेला माल उपसायला लागतो, ठाण्यात प्रशिक्षित महिला अधिकारी ठेवायला लागतो, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरायला लागतो. त्यासाठी मोर्चा निघत नाही, म्हणून ते होतही नाही.

आणि फरक पडतो तो नेमका तिथेच. चेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडलं होतं की माणूस गुन्ह्यापासून परावृत्त होतो तो शिक्षेच्या क्रौर्यामुळे नाही, शिक्षा चुकणार नाही या खात्रीमुळे. आपल्याकडे बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण गेली काही वर्षं सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास घुटमळतंय. म्हणजे निकाल लागलेल्या चार खटल्यांपैकी जेमतेम एकात शिक्षा. जे ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत त्यांचा तर हिशोबच नाही. अशा वेळी चौथ्याला जन्मठेपेऐवजी फाशी मिळेल असं सांगून उरलेल्या तिघांना कसला धाक बसणार?

उलट या कलमाने नुकसान होतं. नोंदलेल्या बलात्कारांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, कधी घरातलाच. दहा वर्षांची मुलगी काकाबद्दल बोलली तर काका फासावर जाईल, हे घरातल्या बायका-माणसांना कळलं की मुलीचंच तोंड दाबलं जातं. शिवाय बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा ठेवली, तर एकमेव साक्षीदाराला जिवंत ठेवण्याचं कारणच आपण गुन्हेगाराकडून काढून घेतो. संसदेपुढे हे मुद्दे नव्हते असं नाही.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, 'शिवरायांच्या काळात चौरंग करायचे, तसंच पाहिजे.' रांझ्याच्या पाटलाचा दाखला त्यासाठी दिला जातो. १६४६ सालचं ते पत्र उपलब्ध आहे. आज हातपाय तोडण्याची ही शिक्षा कुणी मागू नये, हे वेगळं सांगायला नको. पण दाखला द्यायचाच तर पूर्ण द्यावा. पाटलाच्या बदअमलाची हकीकत कळल्यावर त्याला पकडून आणलं, चौकशी केली, आरोप खरा ठरला, मग शिक्षा झाली. नंतर त्या जायबंदी माणसाला सांभाळायला त्याच्याच गोतातला एक जण पुढे आला, त्याच्या हवाली त्याला केलं आणि पाटीलकीही त्याच्याकडे दिली. गावचा वतनदार, ज्याच्यापुढे रयत मान वर करत नसे, त्याचीही गय झाली नाही हे त्या प्रकरणाचं तेज आहे. आज आपल्याला नेमकं तेच जमत नाही. आमदाराचा मुलगा, संस्थाचालक, आश्रमातला बाबा समोर आला की तक्रार घ्यायला ठाण्यात हात कचरतो, आणि फाशीच्या घोषणा मात्र जोरात चालू असतात.

फाशी कुणाला मिळते हेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. २००० ते २०१५ या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी पाच टक्केही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. जवळपास तीस टक्के कैदी थेट निर्दोष सुटले. दुसऱ्या कुठल्या सरकारी कामात शंभरातले पंच्याण्णव निर्णय वरच्या पातळीवर बदलावे लागले असते, तर ते काम आपण तत्काळ थांबवलं असतं.

१९८० च्या बचन सिंग निकालाने 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी, असं सूत्र घालून दिलं. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा, तो सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हे सरकारने दाखवून द्यावं, अशी त्यामागची भूमिका. पाचांपैकी एका न्यायमूर्तींनी, पी. एन. भगवतींनी, मात्र फाशी घटनाबाह्य ठरवली. कुठल्या खंडपीठापुढे प्रकरण येतं यावर माणसाचं जगणं-मरणं ठरेल, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांचं म्हणणं किती खरं होतं याचा पुरावा लवकरच समोर आला. उत्तर प्रदेशातल्या चौघांच्या खुनात तीन जणांना फाशी झाली होती. तिघांचा गुन्ह्यातला वाटा सारखाच. तिघांची अपिलं सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायमूर्तींपुढे गेली. एकाची फेटाळली गेली. दुसऱ्याची फाशी जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचीही फेटाळली, पण त्याने ऐन वेळी पुन्हा अर्ज केला आणि साथीदाराची शिक्षा कमी झालीय हे न्यायालयाच्या नजरेस आणलं. त्याची फाशी थांबली, आणि पुढे त्याला दया दाखवावी अशी शिफारस न्यायालयानेच राष्ट्रपतींना केली. पहिला मात्र ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लटकवला गेला होता. त्याच्या बाजूने वेळेवर हा अर्ज करणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने फक्त गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नाही, असं धरून राजस्थानातल्या एका माणसाची फाशी कायम केली. पुढच्याच वर्षी तो फासावर गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केलं की हा निकाल बचन सिंगच्या बंधनकारक निकालाला सोडून दिला गेला होता, आणि त्याच्या आधारे आणखीही फाशी दिल्या गेल्या होत्या. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी अशा चुकीच्या निकालांवर फाशी झालेल्या तेरा कैद्यांसाठी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. ज्यांना आधीच फाशी दिली गेली होती त्यांच्यासाठी पत्र लिहून उपयोग नव्हता.

आता अजमल कसाबकडे वळतो. फाशीच्या विरोधात लिहिणाऱ्याने त्याचं नाव टाळलं तर वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इथे ओळखीची चूक नव्हती. गुन्हा साऱ्या जगाने पाहिला होता. गरीब म्हणून बळी गेला असंही म्हणता येणार नाही, कारण त्याच्या बचावासाठी न्यायालयाने वकील नेमले आणि प्रत्येक पायरीवर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी दिली. १६० हून अधिक माणसं गेलेल्या शहराला त्या दिवशी जे वाटलं त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही.

तरीही विचार करावा असं काही आहे. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ अंगावर गोळ्या झेलत कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. दहांपैकी नऊ हल्लेखोर मेले; कट कुठे शिजला, प्रशिक्षण कुणी दिलं, बोटीतून कोण कसं आलं याची आतून माहिती असलेला एकच माणूस उरला, ओंबळ्यांनी प्राण देऊन मिळवून दिलेला. त्याच कटातला डेव्हिड हेडली अमेरिकेत पकडला गेला. फाशी मागणार नाही या हमीवर त्याने गुन्हा कबूल केला, पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओवरून त्याने मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्ष दिली ती जिवंत होता म्हणून. दहशतवादी कट उलगडायला वर्षानुवर्षं लागतात, नवे आरोपी सापडत राहतात, आणि प्रत्येक नव्या खटल्यात जुन्या माणसाला विचारायचे प्रश्न निघतात. शिवाय जे देश फाशी मानत नाहीत ते आरोपी आपल्या ताब्यात देताना हमी मागतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालने २००५ मध्ये पाठवलं ते फाशी न देण्याच्या अटीवर. २०१७ मध्ये त्याच्याच खटल्यात त्याला जन्मठेप झाली आणि दोघा सहआरोपींना फाशी. कोण कुठल्या देशात पकडला गेला यावर शिक्षा ठरावी, हे कुणाला न्याय्य वाटेल?

'तुरुंगात फुकट पोसायचं का,' हा प्रश्न कसाबमुळेच घरोघरी पोचला. त्याला बिर्याणी हवी होती ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की ती गोष्ट त्यांनी रचली होती. आरोपीबद्दल सहानुभूतीची लाट तयार होतेय असं त्यांना वाटलं होतं. देशाच्या मोठ्या प्रश्नावरचं लोकमत अशा कल्पित ताटावर उभं राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

न्यायदंड म्हणजे सूड असं एकदा मान्य केलं की पुढची पायरी आपोआप येते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनातल्या चार संशयितांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मधल्या त्यांच्या अहवालाने ती चकमक बनावट ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला भरावा असं सुचवलं. मारल्या गेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते असंही त्यात आहे. गुन्हा त्यांनीच केला होता का, हे आता कुठलंच न्यायालय सांगू शकणार नाही. त्या तरुणीच्या आई-वडिलांना जे ऐकण्याचा हक्क होता, काय घडलं, कसं घडलं, कुणाच्या हलगर्जीने घडलं, ते साक्षीपुराव्यानिशी त्यांना कधीच ऐकायला मिळणार नाही.

आणि हा हक्क मी फाशीपेक्षा मोठा मानतो. ज्याच्या घरावर घाला पडला त्याला न्यायालयाकडून पहिली गोष्ट हवी असते ती सत्य, भर न्यायालयात, नोंदवलेलं. तुझ्यावर अन्याय झाला, तू खोटं बोलत नव्हतीस, हे कुणीतरी अधिकाराने म्हणणं. मग येते सुरक्षितता: तो पुन्हा दारात येणार नाही, साक्ष दिली म्हणून गावात कुणी वाळीत टाकणार नाही. मग औषधपाणी, मुलांचं शिक्षण, बुडालेली मजुरी. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती २०१८ मध्ये. महाराष्ट्रात पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, पण तिचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून रास्ता रोको झाल्याचं कुणी ऐकलंय?

फाशीच्या शिक्षेत पीडितांचं कुटुंबही अडकतं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राज्यपाल, राष्ट्रपती अशी फिरून ती फाईल अखेर २०२२ मध्ये उच्च न्यायालयात आली, आणि दयेच्या अर्जावर सरकारने घातलेल्या अक्षम्य घोळामुळे शिक्षा जन्मठेपेत बदलली. ज्यांची लेकरं गेली त्यांनी एकवीस वर्षं 'आता होईल, आता होईल' म्हणत काढली. दर तारखेला कॅमेरे दारात, दर वेळी तेच फोटो. मुळातच सुटकेविना जन्मठेप झाली असती, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर ती माणसं निदान आपल्या दुःखाबरोबर एकटी राहू शकली असती. अशी सुटकेची वाट नसलेली किंवा पंचवीस-तीस वर्षं सूट न मिळणारी जन्मठेप देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ पासून मान्य केलेलं आहे. तेव्हा 'फाशी नाही तर चौदा वर्षांत बाहेर' हा धाक आता खरा नाही.

काही माणसं बदलतात, हेही सांगितलंच पाहिजे, जरी सगळ्यांना ते पटणारं नसलं. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर हे त्याचं आपल्याच मातीतलं उदाहरण. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या पुढाकाराने ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारी माणसं तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती कसायला लागली. संस्थान गेलं तरी ती वसाहत मोडली नाही. हातून खून झालेला प्रत्येक माणूस तिथे ठेवता येईल असं मी म्हणत नाही. काहींना आयुष्यभर भिंतीआड ठेवावंच लागेल. पण कोण कुठल्या प्रकारात मोडतो हे शिक्षेच्या दिवशी, गुन्ह्याचं रक्त अजून ओलं असताना, कुठल्या न्यायाधीशाने खात्रीने सांगावं?

डॉ. आंबेडकर संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी म्हणाले होते की फाशीच्या अपिलांची सोय लावत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणं त्यांना जास्त पसंत आहे. देश अहिंसेचं तत्त्व मानतो, तर तेच त्याला शोभेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गांधीजींच्या मारेकऱ्यांना अंबाल्यात फाशी दिली गेली, मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या मुलांनी नको म्हणून विनंती करूनही.

ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. मी तो अपवादही ठेवणार नाही, कारण वर सांगितली आहेत. पण निदान तेवढ्यावर तरी संसदेने बोलायला हवं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने फाशीची कलमं कमी करण्याऐवजी वाढवली. सुरुवात करायचीच तर ज्या गुन्ह्यांत जीव गेलेला नाही त्यांतून ती आधी काढावी. दयेच्या अर्जाला ठरलेली मुदत असावी. आणि सत्र न्यायालयात फाशीची मागणी करणाऱ्या सरकारी वकिलाने आरोपीच्या आयुष्याचा, मनःस्थितीचा, सुधारणेच्या शक्यतेचा अहवाल खटल्याच्या वेळीच सादर करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घालून दिलेलं बंधन प्रत्येक जिल्ह्यात पाळलं जातंय का, याचा हिशोब राज्य सरकारांनी विधिमंडळात दरवर्षी मांडावा.